'सुलिको' सापडत नाही

प्रश्न : सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविचच्या पहिल्या चेलो कॉन्चेर्टोच्या शेवटच्या भागात स्टालिनचं आवडतं गाणं लपवलेलं आहे, असं वाचलं. दहाएक वेळा ऐकलं, पण सापडलं नाही. माझा कान कच्चा आहे का?

उत्तर : कानाला बोल लावू नका. ज्याच्यासाठी हा कॉन्चेर्टो (म्हणजे एकटा चेलो, व्हायोलिनचं थोरलं भावंड, आणि वाद्यवृंद यांची रचना) लिहिला, त्या चेलोवादक रोस्त्रोपोविचलाही ते गाणं ओळखू आलं नव्हतं. शोस्ताकोविचनेच दाखवून दिलं. आणि रोस्त्रोपोविच म्हणजे कोण, तर १९५९ च्या ऑगस्टमध्ये हातात पडलेली ही रचना चार दिवसांत तोंडपाठ करून संगीतकारापुढे वाजवणारा! (मी शिकत होते तेव्हा पहिल्या पानावरच महिना काढला. त्याच्या या एका चुकीचा मला फार आधार वाटतो.)

गाणं आहे 'सुलिको', जॉर्जियातलं. प्रियेची कबर शोधत फिरणाऱ्या माणसाचं, संथ आणि गोड चालीचं. शोस्ताकोविचने त्यातला जेमतेम एक तुकडा उचलला आणि वाकडातिकडा करून धावत्या लयीत मिसळून टाकला. तुम्ही गोड चालीच्या मागावर राहिलात, तिथेच चुकामूक झाली. आधी दोन-चार दिवस नुसतं 'सुलिको' गुणगुणा, मग चौथा भाग लावा. स्टालिन जाऊन सहा वर्षं झाली होती, पण म्हणून पहिल्या प्रयोगाच्या वेळी लेनिनग्राडच्या रंगमंचावर अशी टिंगल उघडपणे करता येत होती असं नाही.

एक मात्र सांगते, या तुकड्यापायी बाकीचं निसटू देऊ नका. सुरुवातीलाच चेलो चार तुटक सूर फेकतो. ते लक्षात ठेवा, पहिला भागभर ते पिच्छा सोडत नाहीत. हॉर्नकडेही कान द्या. अख्ख्या वाद्यवृंदात पितळी वाद्य एवढं एकच. ट्रम्पेट नाही, ट्रॉम्बोन नाही. हा एकटा हॉर्न चेलोशी हुज्जत घालत राहतो. दुसऱ्या भागाच्या अखेरीस वादक तार नेहमीसारखी दाबत नाही, तिच्यावर बोट हलकेच टेकवतो. शिट्टीसारखा बारीक स्वर निघतो, आणि पलीकडून सेलेस्टा या घंट्यांसारख्या आवाजाच्या वाद्याची किणकिण त्याला उत्तर देते. तिथे माझ्या हातातलं काम अजूनही थांबतं.

तिसरा भाग म्हणजे निव्वळ कडेन्झा. वाद्यवृंद गप्प, चेलो एकटाच. आधी पुटपुटतो, मग गज वेग घेत जातो आणि थेट चौथ्या भागात घुसतो. दुसऱ्या भागापासून शेवटपर्यंत मध्ये थांबणं नाही, त्यामुळे पुष्कळांना चौथा कधी लागला ते कळतच नाही. एकट्या चेलोच्या लोंढ्यावर वाद्यवृंद येऊन आदळला की चौथा लागला समजा. 'सुलिको' शोधायला तिथून सुरुवात करा. शेवटाकडे तेच चार सूर परत येतात, मग टिंपनीचे, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांचे, सात ठोके. तोवर काही हाती लागलं नाही, तर पुन्हा कडेन्झापासून लावा.