भांडण स्वभावाचं की पाळीचं?

प्रश्न : आमचे मालक शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहेत. पाळ्या दर आठवड्याला फिरतात, पहिली (7 ते 3:30), मग तिसरी (रात्री 12 ते सकाळी 7), मग दुसरी (3:30 ते 12). सुट्टी सोमवारी. मी पतसंस्थेत 10 ते 6, मुलगा तिसरीत, त्याची शाळा 11 ते 5. घराचा हप्ता असल्याने ते मधूनमधून डबल ड्यूटीही करतात. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात घरात भांडण ठरलेलंच. पोरावरही खेकसतात. स्वभावच बदललाय. काय करावं? (एक वाचक, उचगाव)

उत्तर : ताई, स्वभावाचं नंतर बघू, आधी झोप मोजा. आठवडाभर कॅलेंडरवर तास लिहा. दिवसभर अंथरुणात दिसणाऱ्या माणसाच्या पदरात बऱ्याचदा चार-पाच तासच पडतात. मिक्सर, बेल, कुरिअर, आणि 'एवढी एक सही करा, मग झोपा.'

बिघडायला सुरुवात होते ती गेटसमोरच्या टपरीवर. रात्रपाळी सुटल्यावर सकाळी सातला घेतलेल्या चहाचा निम्मा अंमल दुपारी बारालाही अंगात असतो. शेवटचा कप पहाटे तीनच्या आत. घरी आल्यावर थोडे पोहे पुरेत, भाकरी-रस्सा संध्याकाळी. साडेआठ ते दीड झोप. खिडकीला काळं जाड कापड, बेल बंद, फोन दुसऱ्या खोलीत. रात्री नऊ ते साडेदहा पुन्हा दीड तास. सलग आठ तासांचा हट्ट नको, दिवसा तो सहसा जमत नाही.

तुम्हाला तिसरी पाळी टोचते, पण मुलाच्या बाजूने पाहिलं तर दुसरी वाईट. तिसऱ्या पाळीत शाळा सुटल्यापासून नऊपर्यंत बाप घरात आणि जागा असतो. दुसरीत तो रात्री साडेबाराला येणार, सकाळी साडेनऊला उठणार, आणि अकराला पोरगा शाळेत. त्या आठवड्यात आल्याबरोबर झोपून साडेआठला उठायचं. अभ्यास आणि शाळेत सोडणं त्यांच्याकडे. कमी पडलेली झोप दुपारी बारा ते एक भरून काढता येते.

पाळ्यांचा क्रमही उलटा आहे. शरीराला झोप पुढे ढकलणं सोपं, अलीकडे ओढणं अवघड. म्हणून पहिली, दुसरी, तिसरी असा क्रम बरा. एकट्याने मागण्यापेक्षा लाइनवरच्या चार-पाच जणांनी मिळून सुपरवायझरला सांगावं. कारखान्याचा यात पैशाचा खर्च नाही. या क्रमात एकच अडचण येते, तिसरी संपून पहिली लागताना. त्या सोमवारी सकाळी अकरापर्यंतच झोपू द्या, अंगावर ऊन घेऊ द्या, आणि रात्री नऊला दिवा बंद.

डबलचं मात्र स्पष्ट सांगते. ओव्हरटाइमला दुप्पट दर हा कायद्यानेच हक्क आहे, तो पगारपत्रकात तपासा. पण दुसरीला जोडून तिसरी केली की साडेपंधरा तास होतात, आणि त्यानंतर हायवेने पंचगंगेचा पूल ओलांडून गाडीवर घरी. डोळा लागायला तेवढा रस्ता पुरतो. अशा दिवशी गाडी कारखान्यात ठेवून बसने किंवा कुणाच्या तरी मागे बसून यावं. आणि तिसरी संपल्यावर पुढे पहिली जोडून डबल नकोच.

हप्त्याचा विषय रात्रपाळीच्या सकाळी काढू नका. सोमवारी तुम्ही सहाला सुटता. चहा झाल्यावर वही घेऊन अर्धा तास बसा, पोराला तेवढा वेळ खेळायला पाठवून.