क्षेत्रपाहणीसाठी टॅब्लेट निवडताना

प्रश्न : आमची संस्था घरोघरी आणि शेतावर जाऊन आरोग्य व शेतीविषयक पाहणी करते. आजवर कागदी प्रश्नावली भरून आणल्या जात आणि कार्यालयात त्या संगणकावर चढवल्या जात. आता ४० सर्वेक्षकांसाठी टॅब्लेट घ्यायचे ठरले आहे. विक्रेत्यांकडून आलेल्या तुलनातक्त्यांत प्रोसेसर, रॅम आणि कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल एवढीच माहिती आहे. त्यावरून निवड कशी करावी? ‘रग्ड’ म्हणून विकले जाणारे दणकट टॅब्लेटच घ्यावे लागतील का?

उत्तर : विक्रेत्यांचे तक्ते तूर्त मिटून ठेवावेत आणि माहिती कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये भरली जाणार हे आधी निश्चित करावे, कारण यंत्राची निवड बऱ्याच अंशी तिथेच ठरून जाते. ओडीके कलेक्ट हे प्रश्नावली भरण्याचे ॲप अँड्रॉइडवरच चालते. जागतिक बँकेच्या सर्व्हे सोल्युशन्समधले सर्वेक्षकांसाठीचे ॲपही अँड्रॉइडसाठीच आहे, तर अमेरिकेच्या जनगणना विभागाने तयार केलेले सीएसप्रो अँड्रॉइड आणि विंडोज या दोन्हींवर माहिती भरू देते. नेटवर्क नसताना नोंद यंत्रातच साठवून ठेवणे आणि जोडणी मिळाल्यावर ती सर्व्हरकडे पाठवणे हे काम तिन्ही चोख करतात.

प्रश्नावली भरणे हे यंत्राच्या दृष्टीने हलके काम आहे. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण एवढ्यात ते बहुधा निभावते. मात्र प्रश्नावलीत हजारो नावांच्या निवडयाद्या असतील किंवा प्रत्येक मुलाखतीचे ध्वनिमुद्रण करायचे असेल, तर त्याहून वरचे यंत्र पाहावे. ज्या रकान्यांवरून तक्त्यांत एवढी चढाओढ दिसते, ते आपल्या कामात दुय्यम ठरतात ते यामुळे.

खरी परीक्षा उन्हात होते. भर दुपारच्या थेट उन्हात प्रकाशाची तीव्रता सुमारे १,००,००० लक्स असते, तर कार्यालयातल्या टेबलावर ती ५०० लक्सच्या आसपास असते. त्यामुळे खोलीत बसून पसंत केलेली झळझळीत स्क्रीन शेताच्या बांधावर आरशासारखी वागते आणि सर्वेक्षकाला तीत प्रश्नाऐवजी स्वतःचा चेहरा दिसतो. स्क्रीनचा उजळपणा ‘निट’ या एककात मोजतात. साध्या टॅब्लेटमध्ये तो ३०० ते ४०० निट असतो, जो घराच्या ओसरीत पुरतो. उघड्यावर काम असेल तर ६०० निटच्या खाली जाऊ नये असे माझे मत आहे, आणि दिवसभर शेतातच राहायचे असेल तर १,००० निटच्या जवळपासचा शोध घ्यावा. पुष्कळ तक्त्यांत हा आकडा दिलेलाच नसतो. तो लेखी मागून घ्यावा, आणि विक्रेता देत नसेल तर त्या न देण्याचाही विचार निवडीत करावा. चकाकी कमी करणारी मॅट फिल्म लावल्याने प्रतिबिंब बोथट होते, पण अक्षरेही किंचित धूसर होतात. सर्वेक्षकांपैकी कोणी पोलराइज्ड गॉगल वापरत असल्यास टॅब्लेट उभा आणि आडवा असा दोन्ही प्रकारे धरून पाहावा, कारण काही स्क्रीन एका बाजूने त्या काचेतून जवळजवळ काळ्या दिसतात.

उन्हाबरोबर उष्णताही येते. यंत्र तापले की ते स्वतःला वाचवण्यासाठी उजळपणा आपोआप कमी करते, म्हणजे ज्या घटकेला उजेड सर्वांत जास्त हवा त्याच घटकेला तो कमी मिळतो. आयपॅडसाठी ॲपलने वापराच्या वेळी सभोवतालच्या तापमानाची कमाल मर्यादा ३५ अंश सेल्सिअस दिली आहे. टॅब्लेट काळ्या कव्हरमध्ये उन्हात ठेवला तर तो हवेच्या तापमानापेक्षा कितीतरी अधिक तापतो.

बॅटरीचा हिशेब एमएएचमध्ये (मिलिअँपिअर-तासांत) न करता वॅट-तासांत करावा; एमएएचला व्होल्टने गुणून हजाराने भागले की वॅट-तास मिळतात. ५,००० एमएएच आणि ३.८५ व्होल्टची बॅटरी म्हणजे सुमारे १९ वॅट-तास. पूर्ण उजळपणा आणि जीपीएस चालू असताना यंत्र सरासरी ४ वॅट खात असेल, तर ती पाच तासही पुरणार नाही. यावर पॉवर बँक हा उपाय आहे, परंतु १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेचे ३७ वॅट-तास जसेच्या तसे टॅब्लेटपर्यंत पोहोचत नाहीत. रूपांतरातली गळती धरली तर हाती पडतात २६ ते ३०, म्हणजे अशी बॅटरी साधारण दीड वेळा भरेल, दोनदा नव्हे. ज्यांना मुक्कामी वीज मिळण्याची खात्री नाही, त्यांच्यासाठी बदलता येणारी बॅटरी हा दणकट टॅब्लेटचा खरा फायदा आहे. पडून न फुटणे हा त्यामानाने लहान फायदा.

आता दणकटपणाविषयी. आयपी ६७ या मानांकनातला पहिला अंक धुळीचा आणि दुसरा पाण्याचा असतो: ६ म्हणजे धूळ आत जात नाही, आणि ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिले तरी हानी होत नाही. आपल्या कामात यंत्र पाण्यात बुडण्याचा प्रसंग विरळा असल्याने धुळीचा अंक अधिक महत्त्वाचा मानावा. ‘मिल-एसटीडी-८१०’ हा शिक्का मात्र डोळे झाकून स्वीकारू नये. अमेरिकी लष्कराच्या या मानकात अनेक वेगवेगळ्या चाचण्या आहेत आणि त्यांतल्या कोणत्या करायच्या हे निर्माता स्वतः निवडतो, त्यामुळे नेमक्या कोणत्या चाचण्या झाल्या हे विचारल्याशिवाय त्या शिक्क्याला अर्थ नाही. पाहणी बहुतेक घराच्या आडोशाला होणार असेल, तर साधा टॅब्लेट, जाड रबरी कव्हर आणि मागे हात अडकवण्याचा पट्टा एवढे पुरते. पट्टा टाळू नये, कारण उभ्याने मुलाखत घेताना एका हाताने धरलेला टॅब्लेट आज ना उद्या निसटतोच. वजनासाठी ८ इंचांचा आकार बरा. १० इंची टॅब्लेटवर तक्ते छान दिसतात, पण अर्धा किलो वजन तासभर मनगटावर पेलून पाहावे, म्हणजे निर्णय सोपा होतो.

कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल पाहू नयेत, ऑटोफोकस आहे का ते पाहावे. स्वस्त टॅब्लेटमध्ये तो अनेकदा नसतो आणि मग जवळून धरलेला बारकोड किंवा लसीकरण कार्डावरची नोंद वाचता येत नाही. मजकूर मराठीत भरायचा असेल, तर कीबोर्ड उघडल्यावर प्रश्न झाकला जातो का हेही तपासावे, आणि शक्य तिथे टंकलेखनाऐवजी पर्याय द्यावेत.

४० यंत्रे एकदम घेऊ नयेत. दोन-तीन मॉडेलांचे प्रत्येकी दोन नग घेऊन, खरी प्रश्नावली त्यात घालून, सर्वेक्षकांकडूनच तीन दिवस रंगीत तालीम करून घ्यावी, तीही दुपारी बारा ते तीन या वेळेत. पुढे मोठी खरेदी करताना चार राखीव धरून ४४ नग मागवावेत. मोहिमेच्या मध्यावर जुळे मॉडेल मिळेनासे होते आणि वेगळ्या मॉडेलचे कव्हर, चार्जर, सूचना सगळेच वेगळे लागते.

प्रश्न : याच टॅब्लेटच्या जीपीएसवर शेताचे क्षेत्रफळ मोजता येईल का?

उत्तर : आधी यंत्रात जीपीएस आहे याची खात्री करावी. केवळ वाय-फाय असलेल्या आयपॅडमध्ये ते नसते, सिमकार्ड चालणाऱ्या आवृत्तीत असते. मोकळ्या आकाशाखाली अशा यंत्राची चूक साधारण पाच मीटरपर्यंत धरावी, झाडाखाली किंवा भिंतीलगत ती वाढते. घराचे ठिकाण नोंदवायला एवढी अचूकता चालते, पण २० मीटर बाजूच्या तुकड्याचे क्षेत्रफळ काढायला ती मुळीच पुरेशी नाही. कित्येक हेक्टरांच्या शेताचा अंदाज बांधता येईल. लहान तुकड्यांसाठी मोजपट्टी वापरावी. ॲपमध्ये अचूकतेची मर्यादा घालून ठेवावी, म्हणजे यंत्राने दाखवलेली संभाव्य चूक दहा मीटरांहून अधिक असताना घाईने नोंद घेतली जाणार नाही.

प्रश्न : टॅब्लेट न घेता सर्वेक्षकांच्या स्वतःच्या फोनवर माहिती भरून घेतली तर?

उत्तर : छोट्या, निनावी प्रश्नावलीसाठी हरकत नाही. आरोग्याची माहिती असेल तर मी नको म्हणेन. ४० जणांचे ४० तऱ्हांचे फोन, त्यांवरच्या अँड्रॉइडच्या वेगवेगळ्या आवृत्त्या आणि घरातल्या मुलांनाही ठाऊक असलेला पिन यांत कोणाचा आजार कुठवर पोहोचेल याची हमी देता येत नाही. संस्थेच्या यंत्रात साठवण कूटबद्ध ठेवता येते आणि यंत्र हरवले, तर ते इंटरनेटला जोडले जाताच त्यातली माहिती दुरून पुसता येते. खासगी फोनवर ही मुभा संस्थेला कोणी सुखासुखी देणार नाही, आणि द्यावी अशी अपेक्षाही नसावी.