क्वीनचा 'मेड इन हेवन' हा खरा अल्बम मानायचा, की फ्रेडी मर्क्युरी गेल्यावर उरल्यासुरल्या रेकॉर्डिंगची जुळवाजुळव?

तुम्ही विचारलंय की ज्या बँडचा आवाजच गेला, त्या बँडनं चार वर्षांनी त्याच आवाजातला अल्बम काढला, तर त्याला नवा अल्बम म्हणायचं की कपाटातला शिल्लक माल. माझ्या मते हा खरा अल्बम आहे. क्वीनचे मला सर्वात जवळचे जे चार-पाच अल्बम आहेत त्यात मी तो धरतो, आणि हे फ्रेडीबद्दलच्या हळहळीतून म्हणत नाही. ऐकून म्हणतोय.

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी 24 नोव्हेंबर 1991 रोजी लंडनमधल्या राहत्या घरी गेला. आपल्याला एड्स आहे हे त्यानं जगाला सांगितलं ते आदल्याच दिवशी. 'मेड इन हेवन' आला 6 नोव्हेंबर 1995 ला आणि ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर गेला.

आता शिल्लक मालाचा आरोप. कागदावर पाहिलं तर तो अगदीच खोटा नाही. 'मेड इन हेवन' आणि 'आय वॉज बॉर्न टु लव्ह यू' ही दोन गाणी फ्रेडीच्या 1985 च्या 'मिस्टर बॅड गाय' या स्वतंत्र अल्बममधली. 'हेवन फॉर एव्हरीवन' हे ड्रमर रॉजर टेलरच्या 'द क्रॉस' या दुसऱ्या बँडचं गाणं. 'माय लाइफ हॅज बीन सेव्ह्ड' 1989 मध्ये एका सिंगलच्या मागच्या बाजूला येऊन गेलं होतं. 'टू मच लव्ह विल किल यू' क्वीनच्याच 'द मिरॅकल' अल्बमच्या वेळचं, तेव्हा हक्कांच्या भानगडीत मागे राहिलेलं. सुरुवातीचं 'इट्स अ ब्युटिफुल डे' तर 1980 मध्ये म्युनिकच्या स्टुडिओत फ्रेडी पियानोवर सहज काहीतरी वाजवत बसला होता, त्याचं रेकॉर्डिंग. शेवटच्या महिन्यांत गायलेली गाणी तीनच: 'मदर लव्ह', 'अ विंटर्स टेल' आणि 'यू डोन्ट फूल मी'.

पण गाणं कुठून आलं यापेक्षा त्याचं पुढे काय केलं ते बघा. 1985 चं 'मेड इन हेवन' आणि 1995 चं, ही दोन्ही लागोपाठ ऐका. जुन्यात सिंथेसायझरचा चकचकीत थर आहे, त्या काळच्या पॉपसारखा, आणि फ्रेडी त्यावर एकटाच जीव तोडून गातोय. नव्यात मागची सगळी वाद्यं काढून टाकलीत. गळा तोच. खाली रॉजरचे जड ड्रम, जॉन डीकनचा बेस, आणि बँडचा गिटारवादक ब्रायन मे याची ती वडिलांसोबत घरी बनवलेली गिटार, जिच्या मानेचं लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीतलं आहे. जुन्या आवृत्तीत जे गाणं नुसतंच भव्य व्हायला बघत होतं, ते इथे खरोखर भव्य झालंय. माझं ठाम मत आहे की हे गाणं मुळात क्वीनचंच होतं. दहा वर्षं चुकीच्या घरात राहिलं इतकंच.

हे काम किती अवघड होतं याची कल्पना बहुतेकांना नसते. एरवी बँड आधी वाजवतो, गायक त्यावर गातो, आणि जमलं नाही तर पुन्हा गातो. इथे गळा आधी ठरून गेलेला. त्यानं जिथे श्वास घेतलाय तिथे जागा सोडायची, जिथे तो ओळ ओढतो तिथे थांबायचं, आणि 'ही ओळ जरा हळू घे रे' असं सांगायला समोर कोणी नाही. आपल्याकडे हार्मोनियमवाला गायकाच्या चेहऱ्याकडे बघत साथ करतो. या तिघांना बघायला चेहराच नव्हता. रॉजर आणि जॉन यांनी काम सुरू केलं तेव्हा ब्रायन स्वतःच्या अल्बमच्या दौऱ्यावर होता. परत आल्यावर झालेलं काम त्याला पटलं नाही, आणि त्यानं घरच्या स्टुडिओत संगणकासमोर बसून फ्रेडीची एकेक ओळ नव्यानं लावली. यात महिनेच्या महिने गेले.

आणि मग 'मदर लव्ह'. तुम्ही या अल्बममधलं एकच गाणं ऐकणार असाल तर हे ऐका.

स्वित्झर्लंडमधल्या माँत्रू गावात तळ्याकाठच्या कसिनोच्या इमारतीत माउंटन स्टुडिओ होता. 1979 पासून तो क्वीनच्याच मालकीचा. 1991 च्या पूर्वार्धात, 'इन्युएंडो' अल्बम बाजारात आल्यावरही, फ्रेडी तिथे येत राहिला. चालणं कठीण झालं होतं, पण गळा शाबूत होता. तो ब्रायनला म्हणायचा की मला काहीही लिहून द्या, मी गातो, पुढचं तुम्ही नंतर पुरं करा. ब्रायन कागदाच्या चिटोऱ्यांवर ओळी लिहायचा आणि फ्रेडी नुसत्या ड्रम मशीनच्या ठेक्यावर त्या रेकॉर्ड करायचा. पूर्ण गाणं अजून तयारच नव्हतं. मे महिन्यात 'मदर लव्ह' असंच ओळीओळीनं झालं. मधे एका जागी तो थांबला आणि म्हणाला की हे पुरेसं नाही, इथे मला वर जायला हवं, जास्त जोर हवा. आणि तो गेला वर. ती जागा ऐकताना हा माणूस पुढे सहाच महिने जगला हे खरं वाटत नाही. शेवटच्या कडव्याच्या आधी मात्र तो म्हणाला, आज बरं वाटत नाहीये, पुढच्या वेळी येईन तेव्हा पुरं करीन.

ते कडवं ब्रायननं गायलंय. अल्बममध्ये हा बदल अजिबात लपवलेला नाही. तीन कडवी फ्रेडीच्या भरीव, थकलेल्या पण घट्ट आवाजात जातात आणि चौथ्याला एकदम ब्रायनचा पातळ, मऊ आवाज येतो. पहिल्यांदा ऐकणारा दचकतो. त्यांना हवं असतं तर चौथं कडवं गाळून गाणं तिथेच संपवता आलं असतं, किंवा पहिलंच कडवं पुन्हा चिकटवता आलं असतं. ऐकणाऱ्याला पत्ताही लागला नसता. त्यांनी तसं केलं नाही, आणि म्हणूनच माझा या अल्बमवर विश्वास बसतो. पुढे गाण्याच्या शेवटी 1986 च्या वेम्बली स्टेडियममधला फ्रेडी आणि त्याला ओ देणारी गर्दी ऐकू येते, मग त्यानं क्वीनच्या पहिल्या अल्बमआधी 'लॅरी लुरेक्स' या टोपणनावानं गायलेल्या 'गोइंग बॅक'चा तुकडा येतो आणि अखेर एका तान्ह्या बाळाचं रडणं.

'अ विंटर्स टेल' त्याच दिवसांतलं. माँत्रूच्या तळ्याकडे बघत लिहिलेलं, बर्फ, पक्षी, संध्याकाळ यांचं साधं वर्णन. यात तक्रार नाही, निरोप नाही. समोर दिसतंय ते सुंदर आहे एवढंच तो गातो. मला हे 'मदर लव्ह'पेक्षाही जास्त लागतं.

सगळंच उत्तम आहे असं मी म्हणणार नाही. 'यू डोन्ट फूल मी' हे निर्माता डेव्हिड रिचर्ड्स यांनी फ्रेडीच्या मोजक्या ओळींच्या तुकड्यांतून उभं केलं. तंत्र म्हणून कमाल आहे, पण गाणं म्हणून ते विरळ राहतं. 'माय लाइफ हॅज बीन सेव्ह्ड' नसतं तरी चाललं असतं. सीडीच्या शेवटी बावीस मिनिटांचा बिननावाचा एक तुकडा आहे, नुसते तरंगणारे सूर आणि मधूनच फ्रेडीचा आवाज. तो पुष्कळांना कंटाळवाणा वाटतो. रात्री दिवे घालवून ऐकलात तर कदाचित वाटणार नाही. 'लेट मी लिव्ह'बद्दल मात्र मी भांडायला तयार आहे. त्यात फ्रेडी, रॉजर आणि ब्रायन आळीपाळीनं गातात, आणि तिघं एका खोलीत उभे आहेत असं वाटतं.

इतर बँडनी काय केलं तेही बघा. जिम मॉरिसन जुलै 1971 मध्ये गेला. 'द डोअर्स'चे उरलेले तिघे त्याच वर्षी 'अदर व्हॉइसेस' घेऊन आले, गायले स्वतःच. वादन छान आहे, पण मध्यभाग रिकामा आहे. 'एसी/डीसी'चा बॉन स्कॉट फेब्रुवारी 1980 मध्ये गेला आणि जुलैमध्ये नव्या गायकासह, ब्रायन जॉन्सनसह, 'बॅक इन ब्लॅक' आला. काळंकुट्ट मुखपृष्ठ हाच त्यांचा शोक, आत मात्र सगळी रग. जगात सर्वाधिक खपलेल्या अल्बमांत तो मोजला जातो. क्वीननं तिसरी वाट धरली: गेलेल्यालाच पुढे उभं करायचं आणि आपण मागे राहायचं. मुखपृष्ठावर तळ्याकडे तोंड करून उभा असलेला फ्रेडीचा पुतळा आहे, बाकीचे तिघे मागच्या बाजूला.

आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. झांझिबारमध्ये जन्मलेला फारूख बुलसारा, म्हणजेच पुढचा फ्रेडी मर्क्युरी, वयाच्या आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला आणि पुढची शाळेची बहुतेक वर्षं तिथेच राहिला. पियानो तिथे शिकला, 'हेक्टिक्स' नावाच्या शाळकरी बँडमध्ये तो वाजवायचाही. अल्बमच्या सुरुवातीला जी बोटं म्युनिकच्या पियानोवर सहज फिरतात, त्यांना वळण लागलं ते पाचगणीत. स्ट्रॉबेरी आणि टेबललँडसाठी आपण तिथे जातो तेव्हा हे फार थोड्यांच्या लक्षात असतं.

जॉन डीकननं यानंतर फ्रेडीच्या आठवणीतलं 'नो-वन बट यू' हे एक गाणं वाजवलं आणि तो संगीतातून बाजूला झाला. ब्रायन आणि रॉजर यांनी 2008 मध्ये पॉल रॉजर्सला गायक घेऊन 'द कॉसमॉस रॉक्स' काढला. तो ऐका आणि 'मेड इन हेवन'शेजारी ठेवून बघा. तिथे गायक जिवंत आहे, मोठा आहे, आणि तरी तो अल्बम मला क्वीनचा वाटत नाही.

ऐकायचा क्रम विचाराल तर 'मिस्टर बॅड गाय'मधली ती दोन गाणी आधी ऐका, मग हा अल्बम पहिल्यापासून, आणि हेडफोन लावून. 'मदर लव्ह'चं चौथं कडवं मोबाइलच्या स्पीकरवर कळत नाही.