लेव्हेटिरासिटामने बहिणीची चिडचिड फार वाढली आहे. फिटसाठी दुसरी कोणती गोळी चांगली? घरचे म्हणतात, तिचा स्वभावच तसा आहे.

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य मला खटकलं: ‘घरचे म्हणतात, तिचा स्वभावच तसा आहे.’ बहीण २३ वर्षांची, लेव्हेटिरासिटाम ५०० सकाळ-संध्याकाळ, फिट थांबल्या, पण महिन्याभरात ताट आपटण्यापर्यंत मजल गेली. यात स्वभाव कुठून आला? राग, रडू, उदासी हे या गोळीचे ठाऊक असलेले दुष्परिणाम आहेत, माहितीपत्रकात छापलेले असतात. तरी घरी ‘लाडावलीय’ आणि दवाखान्यात ‘फिट तर थांबल्या ना?’ हेच ऐकायला मिळतं. फिट थांबल्या म्हणून बाकी सगळं मुकाट सोसायचं, हे मला मुळीच मान्य नाही.

वाद घालत बसू नका, तारखा काढा. गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढला, पहिलं मोठं भांडण कधी झालं, आणि गोळीच्या आधीचे दोन-तीन महिने कसे होते. हा कागद डॉक्टरांसमोर ठेवा. ‘चिडचिड होते’ एवढंच सांगितलं तर ‘होईल कमी’ म्हणून तुमची बोळवण होईल.

आता गोळीचं. नुसता दुष्परिणाम बघून दुसरी गोळी निवडता येत नाही, आधी फिटचा प्रकार पक्का करावा लागतो. सकाळी उठल्या-उठल्या हाताला झटका बसून कप, कंगवा उडत असेल तर कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन आणि फेनिटॉइन या फिटच्याच गोळ्यांनी ते झटके उलट वाढतात. हे झटके पेशंट स्वतःहून सांगत नाही, त्याला तो धांदरटपणा वाटतो. मुद्दाम विचारा.

फिट फोकल असतील, म्हणजे मेंदूच्या एका भागातून सुरू होत असतील, तर माझं मत सरळ लॅमोट्रिजिनला. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीतही (२०२१) फोकल फिटसाठी हीच पहिली पसंती ठरली. मूड सांभाळते, वजन वाढवत नाही. अडचण एकच: ती सावकाश चढवावी लागते, आणि लोकांचं घोडं इथेच अडतं.

सोबत व्हॅल्प्रोएट किंवा कार्बामाझेपिनसारखी गोळी नसेल तर नेहमीचा क्रम असा: २५ मिलिग्रॅम रोज दोन आठवडे, मग ५० रोज दोन आठवडे, मग दर एक-दोन आठवड्यांनी ५० ची वाढ, साधारण १०० ते २०० पर्यंत. व्हॅल्प्रोएट सोबत असेल तर सुरुवात २५ एक दिवसाआड, कारण ते लॅमोट्रिजिनला शरीरातून लवकर जाऊ देत नाही. घाईने चढवली की अंगावर पुरळ उठण्याचा धोका वाढतो, आणि त्यातली थोडी पुरळ जिवावर बेतणारी असते. या काळात जुनी गोळी चालूच राहते. नवी कामाच्या डोसला पोचली की जुनी दर एक-दोन आठवड्यांनी २५०-२५० ने उतरवतात. म्हणजे दोन-तीन महिने दोन्ही गोळ्या आणि थोडी चिडचिड, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर तिसऱ्या आठवड्यात ‘नव्या गोळीनेही फरक नाही’ म्हणून सगळंच बंद होतं.

आणखी एक नेहमीचा घोळ. गणपतीला गावी गेले, स्ट्रिप घरी राहिली, आठवडाभर खंड पडला, परत येऊन थेट २०० सुरू. असं चालत नाही. पाच दिवसांहून जास्त खंड पडला तर पुन्हा २५ पासून चढवावी लागते. सोबतच्या गोळीप्रमाणे हा हिशोब बदलतो, म्हणून आधी डॉक्टरांना फोन.

इतके आठवडे थांबणं शक्य नसेल तर ब्रिव्हारासिटाम. लेव्हेटिरासिटामचीच चुलत बहीण, पण राग बऱ्याच जणांत कमी होतो. सगळ्यांत नाही. दिवसाला १००० लेव्हेटिरासिटामच्या जागी ५० सकाळी, ५० रात्री, असा एका दिवसात बदल करता येतो. दोन्ही एकत्र घेण्यात फायदा नाही. पेरॅम्पॅनेलने राग वाढू शकतो, तिच्यासाठी ती नको. टोपिरामेटने ऐन वेळी शब्द आठवत नाहीत, मुतखड्याचा धोका असतो. शिकणाऱ्या मुलीला मी सुचवणार नाही.

व्हॅल्प्रोएट स्वस्त आहे, काही प्रकारच्या फिटवर उत्तमही आहे, पण गरोदरपणात घेतल्यास साधारण दहातल्या एका बाळाला जन्मजात व्यंग येतं, बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होतो. लग्नाच्या वयाच्या मुलीला हे न सांगता ती चालू करणं मला चुकीचंच वाटतं. ‘लग्न ठरलं की बदलू’ म्हणणाऱ्यांनी वरचं दोन-तीन महिन्यांचं गणित पुन्हा वाचावं.

हे वाचून गोळी स्वतःच बदलू नका. एकदम बंद केली तर फिटमागून फिट येऊ शकते. अपवाद: लॅमोट्रिजिन चालू असताना पुरळ उठली तर पुढचा डोस घेण्याआधी त्याच दिवशी डॉक्टर गाठा, ताप, तोंडात फोड किंवा डोळे लाल असतील तर गोळी थांबवून थेट हॉस्पिटल. बहीण ‘जगावंसं वाटत नाही’ असं बोलत असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, आजच दाखवा. आणि गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर तेही सांगा: इस्ट्रोजेन असलेल्या गोळीने रक्तातली लॅमोट्रिजिनची पातळी जवळजवळ निम्मी होते.