नवशिक्यांसाठी पियानोच्या रचना

प्रश्न : मुलांसाठी लिहिलेल्या पियानोच्या रचना मला पुस्तकरूपाने प्रकाशित करायच्या आहेत. त्यांचा क्रम कसा लावावा?

उत्तर : हंगेरीचे संगीतकार बेला बार्टोक यांनी १९२६ ते १९३९ या काळात रचलेला ‘मिक्रोकॉस्मॉस’ हा १५३ रचनांचा, सहा खंडांचा संग्रह आपण जरूर अभ्यासावा, त्याचे पहिले दोन खंड त्यांनी आपल्या मुलाला, पेटरला, अर्पण केले होते. त्यातील आरंभीच्या रचनांत दोन्ही हात एकच चाल वाजवतात आणि बोटे पाच स्वरांवरच राहतात. हातांचे स्वातंत्र्य पुढे सावकाश येते. एका रचनेत नवी अडचण एकच असावी, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. छपाईपूर्वी प्रत्येक रचना विद्यार्थ्याकडून वाजवून घ्यावी आणि तो जिथे अडखळेल, तिथे कोणता स्वर कोणत्या बोटाने वाजवायचा हे सांगणारे बोटांचे आकडे द्यावेत.