सौर बंबाचा आकडा ७३ वरच का अडतो?

प्रश्न : मॅडम, गच्चीवरच्या सौर बंबाच्या टाकीचं तापमान खाली स्वयंपाकघरात दिसावं म्हणून एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर आणि अर्डुइनो उनो (५ व्होल्टपर्यंत मोजणारा, प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) वापरून मीटर केला. शंभर अंशाला सेन्सर एकच व्होल्ट देतो, म्हणून एलएम३५८ हा ऑप-अँप (सिग्नल मोठा करणारी चिप) ५ व्होल्टवर चालवून, ३९ के आणि १० के (किलो-ओहम) चे रेझिस्टर लावून सिग्नल जवळपास पाचपट केला. सकाळी आकडे बरोबर येतात. दुपारी मात्र ७३ च्या पुढे जातच नाहीत. टाकीतला थर्मामीटर तेव्हा ८० दाखवतो. सेन्सरही बदलून पाहिला.
– एक वाचक, मिरज

उत्तर : आता सेन्सर पुन्हा बदलू नका, तो ठणठणीत आहे. मी कॅलिब्रेशनच्या कामात आहे आणि विनाकारण फेकलेले सेन्सर पाहून मला खरंच वाईट वाटतं.

दुपारी मल्टीमीटर घेऊन बसा. एलएम३५८ च्या ३ नंबरच्या पिनवर, म्हणजे सेन्सरच्या बाजूला, ८० अंशाला ०.८० व्होल्ट दिसेल. तुमचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट होतो तो आकडा, १ + ३९/१० म्हणजे ४.९, तेव्हा १ नंबरच्या पिनवर ३.९२ व्होल्ट यायला हवेत. तिथे ३.६ च्या आसपास काटा अडलेला असेल. ३.६ ला ४.९ ने भागा, ०.७३ येतात. तोच तुमचा ७३ अंश! एलएम३५८ चं आउटपुट खाली शून्याच्या जवळ जातं, पण वर सप्लायच्या सुमारे दीड व्होल्ट आधीच थांबतं. आपल्याकडे हा आयसी कुठल्याही दुकानात मिळतो म्हणून सगळे तोच लावतात आणि इथे अडकतात.

सोपा उपाय म्हणजे ३९ के काढून २० के लावा. गेन ३ होईल, शंभर अंशाला ३ व्होल्ट येतील आणि उनोची एक पायरी, म्हणजे त्याला कळणारा सगळ्यात लहान फरक, अंशाच्या सहाव्या भागाएवढी पडेल. बंबाला याहून बारीक मोजून करायचंय काय? पाचपटच हवं असेल तर एमसीपी६००२ घ्या. त्याच्या पिना तशाच आहेत आणि आउटपुट जवळजवळ पूर्ण ५ व्होल्टपर्यंत जातं. मात्र त्याला ६ व्होल्टच्या वर सप्लाय देऊ नका. एलएम३५८ लाच १२ व्होल्ट द्यायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सेन्सरची वायर सुटली की आउटपुट दहाच्या वर जाऊ शकतं आणि अर्डुइनोची पिन जळते.

उनोत १.१ व्होल्टचा अंतर्गत रेफरन्स असतो, म्हणजे ५ ऐवजी १.१ व्होल्ट हे पूर्ण माप धरून तो मोजू शकतो. तो निवडला तर ऑप-अँपशिवायही एक पायरी साधारण ०.१ अंशाची मिळते. सेन्सर बोर्डाशेजारी असता तर मी तेच सुचवलं असतं. पण तुमची वायर गच्चीवरून खाली येते आणि एवढ्या लांब वायरवर मिलिव्होल्टच्या सिग्नलमध्ये घरातली खरखर मिसळते. तेव्हा ऑप-अँप ठेवाच, फक्त तो टाकीजवळ, सेन्सरच्या पायाशी बसवा आणि आउटपुटला १ के चा रेझिस्टर सिरीजमध्ये घाला.

रेझिस्टर एक टक्क्याचे मेटल फिल्मच घ्या. तरीही प्रोग्रॅममध्ये ३ हा आकडा डोळे मिटून लिहू नका. पिन १ चे व्होल्ट भागिले पिन ३ चे, असा मोजलेला गेन लिहा. अर्डुइनोच्या ५ व्होल्टच्या पिनवरही मीटर लावा. चार्जरवर तिथे बऱ्याचदा ४.८ च मिळतात, आणि प्रोग्रॅममध्ये ५ च धरलेले असले तर तेवढ्याने ८० चे ८३ दिसतात.