विचारा बिनधास्त: ‘हलू नका’ म्हटलं की ढकलायचं कुणाला?

या वेळी पत्रं उघडली तर निम्मी एकाच स्टेजवर. स्मॅश ब्रदर्स या निन्टेंडोच्या मारामारीच्या गेम-मालिकेतलं ते वारिओवेअरचं स्टेज (म्हणजे लढायचं मैदान), मारामारी चालू असतानाच मध्येच एक शब्द झळकतो आणि दोन-चार सेकंदांत काहीतरी करून दाखवायचं असतं. त्यामुळे आज बाकी सगळं बाजूला, फक्त हेच.

दादा, आम्ही तिघं भावंडं स्मॅश अल्टिमेट खेळतो. मी रोज प्रॅक्टिस करतो, कॉम्बो (सलग फटक्यांचे क्रम) पाठ आहेत, आणि धाकटी बहीण बटणं कशीही दाबते. तरी ती दर वेळी वारिओवेअरचं स्टेज निवडते आणि जिंकते. हे निव्वळ नशीबच ना? तसं असेल तर तिला तसं सांगता येईल.

सांगू नकोस रे बाबा, तोंडावर पडशील.

नशीब आहे, नाही कशाला म्हणू. कुठला खेळ येणार ते आधी कळत नाही, बक्षीस काय मिळणार तेही नाही. पास झालं की कधी काही वेळ अंगाला काहीच लागत नाही, कधी माणूस एकदम राक्षसाएवढा मोठा होतो, आणि तू नेमका त्याच क्षणी तिच्या शेजारी उभा असलास की झालंच. पण एक सांग, खेळ आल्यावर तू काय करतोस? मला वाटतं तू पास व्हायला धावतोस, शहाण्या मुलासारखा. गाड्या आल्या की उड्या मारतोस, पाऊस आला की आडोशाला जातोस, ‘टाँट करा’ आलं की टाँट (समोरच्याला चिडवायचा अभिनय) करतोस. आणि ती? तिला पास व्हायचंच नसतं बहुतेक, ती तुझ्याकडे बघत असते.

या स्टेजवर मिनीगेम, म्हणजे तो मध्येच येणारा खेळ, चालू असताना मारामारी थांबत नाही, हेच लोक विसरतात. सगळ्यांना वाटतं की आता दोन सेकंद तह झालाय. काही तह बिह नाही. ‘हलू नका’ आलं की सगळे पुतळ्यासारखे उभे, आणि जो उभा आहे त्याला एक टपली मारली की तो हलला, म्हणजे नापास. मारणारा स्वतःही हललेला असतो, तोही नापासच, पण त्याला त्याचं काय, डॅमेज (खाल्लेल्या माराचे टक्के) तर तुझा वाढला ना. टाँटचं तर त्याहून वाईट, कारण टाँट सुरू झालं की तुझा गडी काही क्षण स्वतःच्याच अभिनयात अडकलेला असतो, शील्ड (ढाल) नाही, डॉज (फटका चुकवणं) नाही, कुणीही येऊन मोठा फटका ठेवून द्यावा. आमच्याकडे एकदा चौघांपैकी तिघं टाँट करत होते आणि चौथा शांतपणे मागे जाऊन फटका चार्ज करत बसला होता, तो आवाज ऐकू येत होता पण करणार काय, हात बांधलेले. तिघांतले दोघं एकाच फटक्यात स्क्रीनबाहेर. तो चौथा मी नव्हतो हे दुःखाने नमूद करतो.

म्हणजे इथे दर खेळाला तुझ्यापुढे खरा प्रश्न एकच असतो: मी पास होऊ की दुसऱ्याला नापास करू? डॅमेज कमी असेल, 30-40 टक्क्यांच्या आत, तर पास व्हायला जा, बक्षीस मिळालं तर फायदा, मध्ये कुणी मारलंच तरी लांब जाऊन पडत नाहीस. तेच 120 च्या पुढे गेला असशील तर पास होण्याचा मोह सोड, कारण स्मॅशमध्ये टक्के जितके जास्त तितका तू लांब उडतोस, आणि एका जागी उभं राहून पुतळा फोडण्यात (तोही एक मिनीगेम) रमलेला 120 टक्क्यांचा माणूस म्हणजे आयतं गिऱ्हाईक. तेव्हा लांब राहा आणि बघ कोण रमलंय. तुझ्या बहिणीला हे कुणी शिकवलेलं नाही, तिला ते आपोआप कळलंय, आणि तू त्याला नशीब म्हणतोयस.

शब्द झळकतो तोवर वाचून होत नाही, वाचून झाला तर कळत नाही, कळला तर वेळ संपलेली असते. माझं वय 41. आता जमणारच नाही का?

अहो ताई, 41 काय, त्यात काय झालं. वयाचा दोष फार थोडा आहे.

हिशोब बघा. गेम सेकंदाला 60 फ्रेम्सनी (चित्रांनी) चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण 16.7 मिलिसेकंदांची. डोळ्याला काही दिसलं आणि बोट दाबलं, इतकी साधी प्रतिक्रिया द्यायला माणसाला 200 ते 250 मिलिसेकंद लागतात, म्हणजे 12 ते 15 फ्रेम्स. शब्द वाचून त्याचा अर्थ लावायचा म्हणजे अजून जास्त. तरीसुद्धा मिनीगेमला काही सेकंद मिळतात, म्हणजे वेळ पुरेशी आहे. अडचण असते ती वेगळीच, शब्द झळकतो तेव्हा तुमचा गडी कुठलातरी मोठा फटका मारण्यात गुंतलेला असतो. फटका मारून झाल्यावरसुद्धा हात जागेवर येईपर्यंत गेम तुमचं काही ऐकत नाही, खेळणारे त्याला एंड लॅग म्हणतात. तुम्हाला वाटतं मी उशिरा दाबलं. दाबलं वेळेवरच होतं, गडी मोकळा नव्हता.

म्हणून दोन कामं करा. मिनीगेम येऊन गेला की पुढचा थोड्या वेळात येणारच हे धरून चाला आणि त्या सुमाराला दमदार फटके बंद, छोटे चालतील. दुसरं म्हणजे शब्द वाचूच नका. हो, खरंच. चित्र बघा. आभाळातून बाण पडायला लागले, मोठा पाय खाली यायला लागला, की चुकवायचंय हे शब्दाशिवाय कळतं. शब्द लागतो तो फक्त ‘हलू नका’ आणि ‘टाँट करा’ अशा ठिकाणी, तेवढ्या दोन-तीन पाट्या आकारावरून ओळखायला शिका, दुकानाची पाटी आपण कुठे अक्षर न् अक्षर वाचतो?

आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असेल तर तो चालू करा. चित्र गुळगुळीत करण्याच्या नादात कित्येक टीव्ही ते उशिरा दाखवतात आणि शिव्या आपण आपल्या वयाला देतो.

परवा चार मिनीगेम आले त्यात एक दोनदा आला. रॅन्डम आहे म्हणतात मग असं कसं? गेममध्ये काहीतरी घोळ आहे असं माझं ठाम मत आहे.

मत ठाम आहे पण चुकीचं आहे, राग मानू नकोस. समजा 10 खेळ आहेत आणि दर वेळी प्रत्येकाची शक्यता सारखी आहे (हे आपलं हिशोबासाठी धरलेलं). चार वेळा खेळ निघाला तर त्यात एखादा तरी दोनदा येण्याची शक्यता किती? जवळपास 50 टक्के. पाच वेळा निघाला तर 70 च्या घरात. म्हणजे रिपीट झालं तर त्यात आश्चर्य करण्यासारखं काही नाही. आपल्या डोक्यात रॅन्डम म्हणजे पत्ते नीट वाटावेत तसं, सगळ्यांना एकेक, असं बसलेलं असतं. फासा बिचारा मागचं काही लक्षात ठेवत नाही, आपणच ठेवतो.

हे असलं काहीतरी लढाईच्या गेममध्ये घालायचं कुणाला सुचलं? आणि वारिओचं ऑफिस का?

ऑफिस नाही हो, कंपनी. वारिओ म्हणजे तो पिवळ्या टोपीचा, वाकड्या मिशांचा, 1992 साली गेम बॉयवरच्या सुपर मारिओ लॅन्ड 2 मध्ये मारिओचा किल्ला बळकावून बसलेला खलनायक. पुढे 2003 साली गेम बॉय ॲडव्हान्सवर वारिओवेअर आला. त्यात कथा अशी की या गड्याला गेम विकून झटपट पैसा करायचाय म्हणून तो कंपनी काढतो, पण मोठा गेम करायचा कंटाळा, मग मित्रांना कामाला लावून पाच-पाच सेकंदांचे छोटे छोटे गेम करून घेतो. असे 200 च्या वर खेळ एकाच गेममध्ये, एक हुकूम, एक बटण, जमलं तर पुढे. आळशी माणसाची कथा लावून किती मेहनतीची वस्तू केलीय बघा, 200 वेळा नवीन कल्पना काढायची म्हणजे चेष्टा नाही. याचं बीज त्याच्याही आधीचं आहे, 2000 साली निन्टेंडो 64 कन्सोलला जोडायच्या 64डीडी या डिस्क ड्राइव्हवर मारिओ आर्टिस्ट: पॉलिगॉन स्टुडिओ नावाचं चित्रं करायचं सॉफ्टवेअर होतं, त्यात असल्या झटपट खेळांचा एक कोपरा होता, तिथून हे वाढत गेलं.

मग 2008 साली वी कन्सोलवर स्मॅश ब्रॉल आला, त्यात वारिओ पहिल्यांदा लढवय्या म्हणून आला आणि त्याच्यासोबत हे स्टेज. साधं रूप म्हणजे मध्ये एक छोटी जमीन आणि वर चार छोटे प्लॅटफॉर्म, इतकंच, आणि मध्येच सगळं पालटून मिनीगेम. 2018 च्या अल्टिमेटमध्येही ते आहे.

ब्रॉलचा विषय निघालाच आहे तर, त्या गेममध्ये अजून एक रॅन्डम गोष्ट होती, जोरात धावायला गेलं की कधीकधी गडी आपला आपण घसरून पडायचा. त्याचा मला मनापासून राग होता. कारण त्यात करण्यासारखं काही नव्हतं, पडलात तर पडलात. पुढच्या, 2014 च्या गेममध्ये ते काढून टाकलं आणि बरं झालं. वारिओवेअरचं तसं नाही, इथे रॅन्डम येतो तो प्रश्न, उत्तर तुमच्या हातात असतं. मला तरी हा फरक फार मोठा वाटतो, कुणाला नसेल वाटत.

हे स्टेज आवडतं, पण सिरियस मॅचमध्ये नको असतं. मिनीगेम बंद करता येतात का?

अल्टिमेटमध्ये येतात. नियम ठरवायच्या जागी स्टेज हॅजर्ड्स नावाचं सेटिंग आहे, ते बंद केलं की मिनीगेम येत नाहीत आणि ती छोटी जमीन अन् चार प्लॅटफॉर्म तेवढे राहतात. नाहीतर स्टेज निवडतानाच त्याचं ओमेगा किंवा बॅटलफील्ड रूप घ्या, ओमेगात सपाट जमीन, बॅटलफील्डमध्ये वर तीन प्लॅटफॉर्म. स्पर्धांमध्ये मिनीगेम चालू ठेवून हे स्टेज कुणी घेत नाही, ते बरोबरच आहे. पण घरी बंद करून खेळणाऱ्यांचं मला कळत नाही, मग हेच स्टेज कशाला, दुसरी शंभर आहेत की.

मी एका जागी उभा होतो, बटण हातात धरलंही नव्हतं, तरी ‘हलू नका’ मध्ये नापास. अन्याय आहे.

हवेत होतास का आठव. खाली येणं म्हणजेही हलणंच. नसशील हवेत तर कुणीतरी धक्का दिला असणार. पहिलं उत्तर परत वाच आणि शेजारी बसलेल्याकडे बघ, तो हसत होता का?

मुलगा 9 वर्षांचा. हरला की कंट्रोलर फेकतो. मोठ्या भावापुढे त्याचा टिकाव लागत नाही. मला गेममधलं काही कळत नाही, पण त्याला सोपं जाईल असं काही आहे का?

ताई, मोठ्याला कमी ताकदीचा कर वगैरे सेटिंग्ज आहेत, पण लहानाला ते लगेच कळतं आणि अपमान वाटतो, मी स्वतः धाकटा आहे म्हणून सांगतो. त्यापेक्षा हेच स्टेज लावा. मिनीगेममध्ये कॉम्बो पाठ असण्याचा उपयोग जवळजवळ शून्य, पुतळा फोडायचा तर तो 9 वर्षांचाही फोडतो. मोठा शंभर तास खेळलेला असला तरी दर थोड्या वेळाने दोन-चार सेकंदांपुरते दोघं सारखे होतात, आणि त्यात एकदा का लहान मोठा राक्षस झाला की त्याचा चेहरा बघा तुम्ही. वेळ ठेवून खेळू द्या, स्टॉक (मोजके जीव) ठेवून नको, म्हणजे लवकर बाद होऊन नुसतं बघत बसायची वेळ येत नाही. माझ्या अनुभवात कंट्रोलर फेकला जातो तो बहुतेक त्या बघत बसण्याच्या वेळात.

आणि तिसरा कंट्रोलर असेल तर तुम्हीपण बसा. काही येत नाही म्हणता ना, मग तर बसाच, फक्त सुरू करायच्या आधी टाँटचं बटण कुठलं ते धाकट्याला विचारून ठेवा. मोठ्याला विचारू नका, तो चुकीचं सांगेल.